पावसात गप्प, थंडीत बोलका

नवा डेस्कटॉप जराही आवाज करत नाही, असं मी ओळखीच्या चार-पाच जणांना ठासून सांगून बसलो होतो. एकाने तर माझ्या शब्दावर तोच कॅबिनेट मागवला. मी खोटं बोललो नव्हतो. मशीन पहिल्यांदा सुरू केलं ते जुलै २०२३ मध्ये. कौलांवर पाऊस कोसळत होता, आणि मधली माडांची रांग ओलांडून समुद्र अंगणात आलाय अशी त्याची गाज येत होती. त्या गदारोळात पंखे फिरतायत की नाही हे मला वरच्या जाळीवर हात धरून बघावं लागलं होतं.

आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात, आरवली आणि शिरोड्याच्या मध्ये. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे खळं, म्हणजे अंगण. मी दशावताराच्या रेकॉर्डिंगची कामं करतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की वैशाखापर्यंत कुठे ना कुठे रात्रभर नाटक असतं. काही मंडळी आपली रेकॉर्डिंगं आणून देतात, काही मी स्वतः जाऊन करतो. मग घरी बसून ती साफ करायची. जनरेटरची घरघर काढायची, माइकची शिट्टी काढायची, झांजेखाली दबलेली पायपेटी वर आणायची, पखवाजाचा तोल सांभाळायचा. संकासुराचं, म्हणजे नाटकातल्या विनोदी पात्राचं, एखादं वाक्य प्रेक्षकांच्या हशात बुडालेलं असतं, ते शब्द शब्द उकरून काढायचं. रात्री नऊ-दहानंतर गावात सामसूम झाली की माझं खरं काम सुरू होतं. म्हणजे माझ्या पोटापाण्यात कानाचा वाटा मोठा, आणि तरी आवाजाच्या बाबतीत मी असा फसलो.

जुना कॉम्प्युटर दहा वर्षांचा होता. खाऱ्या हवेने त्याची हाडं खाल्ली होती. दर पावसाळ्यात एक दिवस तो सुरू व्हायचा नाही, नुसता बीप बीप करायचा. मग झाकण उघडायचं, रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे, परत बसवायची, की गाडी सुरू. असं सहा-सात वर्षं चाललं. जून २०२३ मध्ये खोडरबरही संपलं आणि उपायही संपले. मदरबोर्डवरचे दोन कपॅसिटर फुगून वर आले होते.

लॅपटॉप घे, असं सगळे म्हणत होते. पण इकडच्या हवेत जी वस्तू उघडता येत नाही ती घेऊ नये असं माझं मत आहे. लॅपटॉपचा कीबोर्ड गेला की अर्धा लॅपटॉप गेला. डेस्कटॉपचा एक भाग गंजला तर तेवढाच बदलता येतो. शिवाय मला रेकॉर्डिंगं साठवायला मोठ्या डिस्क लागतात, त्याही दोन, म्हणजे एक बसली तरी दुसरीवर प्रत असते.

घाई झाली ती आईमुळे. त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलैला लागणार होता. अधिकात नवीन वस्तू घरात आणायची नाही, आणली तर सुरू करायची नाही, असा तिचा हुकूम. म्हणून दहा दिवसांत सगळं जमवलं. प्रोसेसर, बोर्ड, रॅम कुडाळच्या दुकानातून घेतली. कॅबिनेट मुंबईच्या मावसभावाने घेतला आणि तुतारी एक्सप्रेसने आणून दिला. एवढं मोठं खोकं सीटखाली मावेना, त्यामुळे बिचारा रात्रभर ते मांडीशी धरून बसला होता. दुकानदाराला मी आवाजाबद्दल विचारलं होतं. त्याने माझ्याकडे, मासळी बाजारात वास येतो का असं विचारल्यासारखं बघितलं. “कॉम्प्युटर म्हटल्यावर आवाज येणारच. ह्याच्यात लाईट बघा ना किती छान आहे.”

एकूण खर्च १८ टक्के जीएसटी धरून ६१ हजारांच्या आसपास गेला. सहा कोअरचा ६५ वॅटचा प्रोसेसर, ग्राफिक्स त्याच्या पोटातच, त्यामुळे वेगळं कार्ड नाही. ३२ जीबी रॅम. सिस्टिमसाठी १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे न फिरणारी चिपची डिस्क, आणि रेकॉर्डिंगसाठी ४-४ टीबीच्या दोन फिरत्या डिस्क, ७२०० आरपीएमच्या. प्रोसेसरच्या डब्यातच एक बसका कूलर आला होता, तोच बसवला. कॅबिनेटला पुढे तीन पंखे, मागे एक. जोडणीत सांगण्यासारखं काही घडलं नाही. रविवारी सकाळी बसलो आणि जेवणाच्या आधी स्क्रीन उजळली. आईने हळद-कुंकू लावलं, ते नेमकं यूएसबीच्या भोकाशेजारी.

पुढचे तीन महिने मी सुखात होतो. सहा तासांचं रेकॉर्डिंग उघडायला जुन्या मशीनवर चहा करून यावं लागायचं, इथे खुर्ची सरकवेपर्यंत उघडायचं. आवाज शून्य. गणपतीत मुंबईहून आलेल्यांना मी मशीन दाखवलं, हात लावा म्हटलं, ऐका म्हटलं. बाहेर भजनाची पेटी आणि झांजा चालू होत्या. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग पाऊस गेला. ऑक्टोबरची काहिली सुरू झाली, आणि समुद्र हळूहळू निवत गेला. ज्यांचं घर किनाऱ्यालगत आहे त्यांना हे माहीत असतं: जून ते सप्टेंबर गाज भिंतीसारखी उभी असते, आपल्याला ती ऐकूही येत नाही, आणि नोव्हेंबरात एका रात्री ती नाही हे अचानक जाणवतं. त्या भिंतीच्या आड माझा कॉम्प्युटर लपला होता. भिंत गेली आणि तो उघडा पडला. मशीनमध्ये एक स्क्रूही बदललेला नव्हता.

हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलंच नाही, आईच्या आलं. तिची खोली माझ्या खोलीला लागून, मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत. एक दिवस सकाळी चहा देताना म्हणाली, “तुझा ह्या यंत्र रातचा घोरता रे झिला.”

मी हसलो. पंखा आहे गे आये, पंख्याचा आवाज येतोच, म्हटलं. “पंखो नाय,” ती म्हणाली. “पंखो एकसारखो वाजता. ह्या घोरता.” आणि तिने तोंडाने करून दाखवलं: वर जाणारं, मग खाली येणारं, मध्ये थांबणारं.

मी ते विसरलो. आठवड्याभराने एका जत्रेचं रेकॉर्डिंग घेऊन बसलो होतो. खालून जाड घरघर येत होती. जनरेटर असणार, नेहमीचंच. भारतातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे लाईनचा गुणगुणाट ५० आणि १०० वर येतो. जनरेटर जरा इकडेतिकडे होतो, पण ठिकाण ठरलेलं. तिथे फिल्टर लावला. घरघर गेली नाही. जास्त खोल लावला, पखवाजाचा धुमा पोकळ झाला, घरघर आहे तशीच. अर्धा-पाऊण तास मी त्या रेकॉर्डिंगचे हाल केले. मग पाणी प्यायला उठलो, प्लेबॅक थांबवला, हेडफोन खाली ठेवले, आणि घरघर चालूच. माझे हेडफोन मागून उघड्या जाळीचे आहेत, बाहेरचा आवाज आत येतो. नाटकातली म्हणून मी जी घरघर काढत होतो ती माझ्या टेबलातून येत होती.

टेबल म्हटलं तर आजोबांचं, फणसाच्या लाकडाचं, चार माणसांनी उचलावं असं. त्यावर हात सपाट ठेवला. तळहाताला बारीक थरथर लागली. ती वाढली, विरली, परत वाढली. साधारण चार सेकंदांनी एकदा. आईने तोंडाने काढून दाखवलं होतं तेच.

आता हे काय होतं ते सांगतो, कारण ते कळल्यावर मला स्वतःवरच हसू आलं. ७२०० आरपीएमची डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० वेळा. तिचा गुणगुणाट म्हणून १२० हर्ट्झला येतो, मी फिल्टर लावत होतो १०० ला. आणि डिस्क दोन. दोन्ही ७२०० च्या असल्या तरी अगदी काटेकोर सारख्या फिरत नाहीत, केसाएवढा फरक राहतोच. दोन तंबोरे जवळजवळ एका सुरात लागले पण पुरते लागले नाहीत की कसा आंदोळ येतो, तसंच. दोन सूर एकमेकांच्या अंगावर चढतात तेव्हा आवाज फुगतो, एकमेकांना खोडतात तेव्हा बसतो. फरक सेकंदाला पाव फेऱ्याचा असला तर चार सेकंदांचा हेलकावा. रोज लोकांच्या पायपेट्यांचे बेसूर ओळखणारा मी, आणि स्वतःच्या टेबलावरचे दोन बेसूर तंबोरे आईने ओळखले.

खात्री करायला एका डिस्कची वीज काढली. घोरणं त्या क्षणी थांबलं. गुणगुणाट उरला, पण सपाट.

याच दिवसांत मी फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं होतं. त्याबद्दल दोन शब्द. फोनचा माइक काही प्रयोगशाळेतलं उपकरण नाही. रात्री मशीन बंद, पंखा बंद, सगळं बंद असताना माझं अ‍ॅप ३१-३२ डेसिबल दाखवायचं आणि त्याखाली उतरायचंच नाही. ते घरातल्या शांततेचं माप होतं की माइकच्या स्वतःच्या खरखरीचं, देव जाणे. पण एकाच फोनने, एकाच जागेवरून, आधी आणि नंतर मोजलं तर फरक कळतो, तेवढ्यापुरतं ते कामाचं. मशीन नुसतं चालू असताना खुर्चीत बसून ४० भरलं. दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते, म्हणजे हे कमी नव्हे. कायद्यात वस्तीच्या भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ आहे, २००० सालच्या नियमांनुसार. गणपतीत आमच्या नाक्यावर ती कुठे जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे, सोडा.

गंमत अशी की डिस्क काढली-लावली तरी अ‍ॅपचा आकडा जेमतेम हलायचा. पंखे कमी केले की आकडा उतरायचा. त्या मापात माणसाच्या कानाप्रमाणे खालचे सूर कापलेले असतात, १२५ हर्ट्झच्या जवळपास चांगले सोळा डेसिबल. बहुतेक जागी ते बरोबरही असतं. पण आकडा नुसतं किती ते सांगतो. तो आवाज जागचा हलतो का, फुगतो का, एका सुरात येतो का, हे त्याला कळत नाही, आणि माणसाची झोप नेमकी त्याने मोडते. फळ्यांपलीकडची बाई ते बरोबर सांगत होती.

मग दुरुस्ती सुरू झाली. आधी डिस्क. कॅबिनेटमध्ये त्या पत्र्याच्या खणात स्क्रूने आवळलेल्या होत्या, पत्रा पत्र्याला, पत्रा टेबलाला, टेबल जमिनीला. सगळं घर म्हणजे तंबोऱ्याचा भोपळा. सायकलच्या दुकानातून फुटकी ट्यूब आणली, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि खणाच्या दोन बाजूंना ताणून त्यांच्यावर डिस्क झोळीत ठेवल्यासारखी टांगली, पत्र्याला कुठे लागू न देता. पहिली पट्टी ढिली झाली आणि डिस्क एका बाजूने खाली आली, सुदैवाने मशीन बंद होतं. दुसऱ्यांदा पट्ट्या दुहेरी घेतल्या. टेबलावरचा हात आता काही सांगेना. दुसरी डिस्क आतून काढूनच टाकली. ती वेगळ्या डब्यात घालून कपाटात ठेवली, आठवड्यातून एकदा जोडायची, प्रत घ्यायची, परत कपाटात. प्रत म्हणून ठेवायची तर ती मशीनबाहेरच बरी, एक वीज पडली तर दोन्ही जायला नकोत. हे मला आवाजामुळे सुचलं, शहाणपणामुळे नाही.

घोरणं गेलं आणि पंख्यांचा नंबर आला. इथे मी बराच वेळ वाया घालवला. एक पंखा बंद केला तर एक चतुर्थांश आवाज जाईल, असं मला वाटायचं. तसं होत नाही. दोन सारखे पंखे एकत्र वाजले तरी एकापेक्षा तीनच डेसिबल जास्त, म्हणून एक बंद करून मिळतंही तेवढंच. खरी मेख वेगात आहे. पंख्याचा वेग एक पंचमांशाने उतरवला की आवाज सुमारे पाच डेसिबलने उतरतो, आणि वारा मात्र एक पंचमांशच कमी होतो. पुढचे तीन पंखे असे होते की त्यांचा वेग कमी करायची सोयच नव्हती, थेट सप्लायवर पूर्ण जोरात फिरायचे आणि दिवे लावायचे. ते तिन्ही काढले आणि १४० मिलिमीटरचे दोन बसवले, चार पिनांचे, म्हणजे बोर्डाला त्यांचा वेग ठरवता येतो. मोठं पातं सावकाश फिरूनही तेवढाच वारा देतं. काढलेले दिव्यांचे पंखे पुतण्याने नेले, एक त्याच्या दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्यात लागला.

प्रोसेसरवरचा बसका कूलर हे वेगळंच प्रकरण. त्याचा पंखा लहान, म्हणून त्याला जोरात फिरावं लागतं, आणि लहान पंखा जोरात फिरला की डासासारखा सूर लागतो. पण मला डासाचाही त्रास नव्हता, चढ-उताराचा होता. प्रोसेसरचं तापमान ब्राउझर उघडला तरी एका सेकंदात ४५ वरून ६५ वर उडी मारतं आणि दुसऱ्या सेकंदाला खाली येतं. पंखा त्याच्या मागे धावतो. आंबोली घाटात एसटीचा ड्रायव्हर दर वळणाला गिअर बदलतो, तसं: ऊंऽऽ, थांब, ऊंऽऽ, थांब. संकासुराचं वाक्य ऐकत असताना दर दहा सेकंदांनी एक एसटी घाट चढायची.

कूलर बदलला. उंच, तांब्याच्या नळ्यांचा, १२० मिलिमीटरच्या पंख्याचा. त्याहून जास्त फरक मात्र फुकटातल्या गोष्टीने पडला. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, पंख्याचा वेग तापमानाप्रमाणे ठरवायचा आलेख असतो. ६५ अंशांपर्यंत तो सपाट ठेवला, पंखा एकाच संथ वेगात. त्यापुढे हळूहळू चढ. आणि तापमान वाढलं तरी काही सेकंद थांबून मगच वेग वाढवायचा, ही आणखी एक सोय तिथेच असते, ती लावली. उडी मारून परत येणाऱ्या तापमानाकडे पंखा आता बघतही नाही. एका ठराविक वेगाला, आठशे-नऊशेच्या दरम्यान, बाजूचा पत्रा झणझणायचा. तो वेगच आलेखातून वगळला, त्याच्या अलीकडे थांब नाहीतर पलीकडे जा.

कॅबिनेट टेबलावरून खाली घ्यायचा होता, पण आमच्याकडे जमिनीवर काही ठेवायची सोय नाही. पावसात फरशी घामेजते, मुंग्यांची रांग असते, आणि पालीला उबदार जागा आवडते. आवारात चिऱ्याचे दगड पडून होते. दोन आणले, शेजारी शेजारी मांडले, वर ट्यूबचे चार तुकडे, वर कॅबिनेट. जड दगड, थरथर त्याच्यात जिरून जाते, कल्पना उत्तम. पंधरा दिवसांनी पुढची जाळी काढली तर ती विटकरी झालेली. चिरा भुगा सोडतो, हे लहानपणापासून पांढऱ्या शर्टावर बघितलेलं मला आठवलं नाही. आता दगडांना जुन्या चटईचा अंगरखा शिवलाय.

पालीसाठी मागच्या भोकांवर मच्छरदाणीची जाळी लावून बघितली. पाल थांबली, पण हवा त्या बारीक छिद्रांतून ओढली जाताना सूं सूं करायला लागली आणि तापमान चार अंश वाढलं. ती काढली. कार्ड लावायच्या मोकळ्या राहिलेल्या खाचा तेवढ्या बंद केल्या, पाल बहुतेक तिथूनच यायची.

इन्व्हर्टरचं सांगायचं राहिलं. लाईट गेली की माझं मशीन वेगळ्याच आवाजात बोलायचं, पॉवर सप्लायमधून चिरका गुर्र असा. छतावरचा पंखाही तेव्हा गुरगुरायचा, त्यावरून कळलं. इन्व्हर्टर जुना, चौकोनी लाटेचा. त्यातून येणारी वीज गोल चढत-उतरत नाही, पायऱ्यांसारखी धाडकन बदलते, आणि आतली कॉइल दर धक्क्याला थरथरते. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेतला तेव्हा दोघांचीही तोंडं बंद झाली. खर्च कॉम्प्युटरच्या नावावर मांडायचा की पंख्याच्या, हा घरात वादाचा विषय आहे.

डिसेंबरच्या अखेरीला पुन्हा मोजलं. तीच खुर्ची, तोच फोन, रात्री साडेअकरा. बंद असताना ३१, चालू असताना ३३. सहा तासांचं साफ केलेलं नाटक एक्स्पोर्टला, म्हणजे तयार फाइल करायला लावलं, तेव्हा ३६ आणि तेही एकसारखं, हलकं, लांबच्या वाऱ्यासारखं. आईला विचारलं. “आता निजला,” म्हणाली.

तिला ते इतकं निजलेलं वाटलं की पुढचा घोटाळा त्यातूनच झाला. आमच्या घरात प्रत्येक यंत्राला झबलं आहे. टीव्हीला आहे, मिक्सरला आहे, शिलाई मशीनला आहे. जानेवारीत तिने जुन्या लुगड्याचं एक कॉम्प्युटरसाठी शिवलं, काठ पुढे येईल असं, चारी बाजूंनी अंगासरशी. एका दुपारी मी एक्स्पोर्ट लावून शिरोड्याच्या बँकेत गेलो. स्क्रीन आपोआप काळी झालेली. तिने झाडू मारला, धूळ बसू नये म्हणून झबलं घातलं, वरून दोन थोपटे मारून नीट बसवलं असणार. मी परतलो तर खळ्यातच आवाज आला. कधी न ऐकलेला, भातगिरणी चालू असल्यासारखा. चारही पंखे पूर्ण वेगात, लुगड्याचे काठ आत ओढले गेलेले, प्रोसेसर ८८ अंशांवर. झबलं ओढून काढलं तेव्हा कढईवरचं झाकण काढल्यासारखी ऊब तोंडावर आली. एक्स्पोर्ट मात्र बिनचूक चालू होतं, ते बघून मशीनबद्दलचा माझा आदर वाढला.

“आये, ह्येका चालू असताना झाकू नको गे.”

“माका काय म्हायत? माका वाटला बंद आसा.”

यावर काय बोलणार. सायकलच्या ट्यूबा, बायोस, चिरे, दोन महिन्यांची खटपट, सगळी त्या वाक्यासाठीच तर केली होती.

आता दुसरा पावसाळाही गेला. पावसात आवाजाचा प्रश्नच नाही, जुलैच्या धारेत खोलीतच ६० भरतात, तेव्हा मशीनने गाणी म्हटली तरी चालेल. पावसात प्रश्न मिठाचा. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये सत्याग्रह झाला होता. आमच्या इथे मीठ उचलायला कुठे जावं लागत नाही, ते हवेतून येऊन यूएसबीच्या भोकात बसतं. अंगठ्याने फिरवायचे मागचे स्क्रू पहिल्याच वर्षी तांबूस झाले, कुंकू लागलेल्या जागेचा रंग उडाला. पावसाच्या दिवसांत काम असो-नसो, रोज दोन तास मशीन चालू ठेवतो, आतल्या उबेने दमट हवा बसत नाही. चार दिवस गावाला जाऊन आलो की आल्या आल्या बटण दाबत नाही, आधी टेबलाचा दिवा जवळ लावून अर्धा-एक तास तसंच राहू देतो. रॅम अजून एकदाही घासावी लागलेली नाही, तरी खणात खोडरबर ठेवलंय. मागच्या पंख्याला अलीकडे सुरू होताना टक् टक् अशी एक लकब लागलीय, बेअरिंग असणार. जत्रांच्या आधी तो बदलायचा आहे.

लुगड्याचं झबलं आई अजून रोज घालते, पण आधी वरच्या जाळीवर तळहात धरते. गरम लागलं तर घडी तशीच काखेत मारून परत जाते, आणि अर्ध्या तासाने पुन्हा येऊन बघते.